दर गुरुवारी टीव्ही कार्डावर मुंग्या: लिनक्सवरील एका वारंवार येणाऱ्या बिघाडाची उकल

पुण्यात गुरुवार हा विजेच्या दुरुस्तीचा वार, हे इथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. आमच्या भागात सकाळी गेलेली वीज दुपारनंतर येते, आणि मध्यंतरी दोन महिने असे होई की ती आली, संगणक सुरू केला, की त्यातील टीव्ही कॅप्चर कार्ड काम करीनासे झालेले असे. बुधवारी रात्री ज्या व्हीसीआरवरून एका लग्नाची कॅसेट व्यवस्थित उतरवून घेतली, त्याच व्हीसीआरवर, त्याच वायरीने, त्याच संगणकात गुरुवारी संध्याकाळी निव्वळ मुंग्या दिसत. शुक्रवारीही मुंग्याच. शनिवारी रात्री किंवा रविवारी मात्र, मी काहीही न करता, चित्र परत येई आणि पुढच्या गुरुवारपर्यंत बिनतक्रार टिके.

बिघाड नेमका वार पाहून येतो आणि वार पाहूनच जातो, याचा मला आलेला पहिला अर्थ चुकीचा होता. वीज परत येताना दाब वरखाली होतो, त्याने कार्डाला काहीतरी इजा होत असावी, असे मी धरून चाललो. त्यापायी संगणक स्टॅबिलायझरवर लावला, कार्ड स्लॉटमधून काढून त्याचे सोनेरी दात खोडरबराने पुसले, व्हीसीआरचे हेड साफ केले आणि तापकीर गल्लीतून ॲंटेनाची नवी वायरही आणली. यांपैकी कशाचाही उपयोग झाला नाही, आणि व्हायला नकोच होता, कारण इजा झालेली वस्तू शनिवारी आपोआप बरी होत नाही.

उलगडा झाला तो भाच्याच्या एका सहज उत्तराने. या संगणकावर डेबियन १२ हे लिनक्स आणि जुने विंडोज एक्सपी अशा दोन्ही प्रणाली आहेत. भाचा शनिवारी येतो, एक्सपीमध्ये जातो, कार्डाबरोबर आलेला टीव्हीचा प्रोग्रॅम उघडून व्हीसीआरवर आपल्या लहानपणीच्या कॅसेटी पाहतो, आणि जाताना संगणक पुन्हा लिनक्समध्ये आणून ठेवतो. त्याला विचारले की तू नेमके काय करतोस, तर तो म्हणाला, “काही नाही मामा, फक्त रिस्टार्ट करतो.” रिस्टार्टमध्ये संगणकाची वीज तुटत नाही. संगणक रात्रंदिवस चालू असल्याने ती थेट गुरुवारीच तुटते. म्हणजे माझे कार्ड लिनक्समुळे चालतच नव्हते; शनिवारी विंडोजने त्याला लावून दिलेल्या स्थितीत ते गुरुवारपर्यंत पडून राहत होते आणि लिनक्स फक्त समोरचे चित्र उचलून दाखवत होते.

ज्यांचे कार्ड “कधी चालते, कधी नाही” त्यांनी दुसरे काहीही करण्यापूर्वी ही एक गोष्ट तपासावी, असे मी आग्रहाने सांगेन. संगणक पूर्ण बंद करावा, मागची विजेची वायर काढावी, अर्धा मिनिट थांबावे, आणि मग थेट लिनक्समध्येच सुरू करावा. असे केल्यावर कार्ड चालले नाही, तर बिघाड वायरीत, कॅसेटमध्ये किंवा विजेत नसून, कार्ड कोणते आहे हे लिनक्सला माहीत नसण्यात आहे. गरम, म्हणजे वीज न तोडता नुसत्या रिस्टार्ट केलेल्या, संगणकावर घेतलेली कोणतीही चाचणी या बाबतीत विश्वासार्ह नसते. मी पहिले तीन आठवडे तशाच चाचण्या घेत होतो.

आता कार्डाच्या आत काय घडत होते ते पाहू. माझे कार्ड जुन्या बाजारातून एका रविवारी आणलेले, खोक्याविना आणि नावाविना होते. पीसीआय स्लॉटमध्ये बसणाऱ्या अशा जुन्या कार्डांवर बहुधा दोन मुख्य वस्तू असतात. एक म्हणजे चौकोनी मोठी चिप, जी चित्राचे अंकांत रूपांतर करून ते संगणकाच्या स्मृतीत पाठवते. माझ्या कार्डावर ती बीटी८७८ होती. ही चिप मूळ ब्रुकट्री या कंपनीची. १९९६ मध्ये ब्रुकट्री रॉकवेलकडे गेली आणि १९९९ मध्ये रॉकवेलचा हा विभाग कोनेक्झंट म्हणून वेगळा झाला, त्यामुळे तीच चिप काही कार्डांवर ‘फ्यूजन ८७८ए’ या नावानेही दिसते आणि त्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. दुसरी वस्तू म्हणजे ॲंटेनाची वायर जिथे लागते तो धातूचा बंद डबा, म्हणजेच ट्यूनर. हा डबा चिपेपासून स्वतंत्र असतो. कोणत्या वारंवारतेवर थांबायचे ही सूचना त्याला दोन तारांच्या एका संथ वाहिनीवरून मिळते, आणि एकदा मिळालेली सूचना तो वीज असेपर्यंत धरून ठेवतो.

लिनक्समध्ये या चिपेसाठी बीटीटीव्ही नावाचा ड्रायव्हर फार पूर्वीपासून आहे आणि आजच्या कर्नलमध्येही, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातही, आहे. तो चिप अचूक ओळखतो, पण चिप ओळखणे आणि कार्ड ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच बीटी८७८ भोवती पाचपन्नास कंपन्यांनी आपापली कार्डे बांधली. ट्यूनर कोणाचा, आवाजाचा मार्ग कोणत्या पायांवरून वळवायचा, चित्राच्या वायरीचा पिवळा सॉकेट चिपेच्या कोणत्या दारात सोडायचा, हे प्रत्येकीने आपल्या मर्जीने ठरवले. भल्या कार्डांवर एक छोटी स्मृती असते आणि तीत कार्डाची ओळख लिहिलेली असते. स्वस्त कार्डांवर ती स्मृतीच नसते. अशा वेळी ड्रायव्हर त्याला शून्य क्रमांकाचे, ‘अननोन/जेनेरिक’ कार्ड मानतो, ट्यूनर कोणता हे ठाऊक नसल्याने त्याला कोणतीही सूचना पाठवत नाही आणि शांत बसतो. व्हीसीआर ॲंटेनाच्या वायरीतून नेहमी एकाच वारंवारतेवर चित्र पाठवतो. विंडोजने शनिवारी डब्याला ती वारंवारता सांगितली की लिनक्सने काहीच न सांगितल्यामुळेच डबा तिथे टिकून राहतो. वीज गेली की तो सगळे विसरतो.

हे सारे पडताळून पाहायला पाच मिनिटे लागतात. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप कराव्या लागतात.) प्रथम ‘एलएसपीसीआय -व्हीएनएन’ ही आज्ञा द्यावी. बीटी८७८ असेल तर एकाच कार्डाच्या दोन नोंदी दिसतात: चित्राची १०९ई:०३६ई आणि आवाजाची १०९ई:०८७८. त्यांच्याखाली ‘सबसिस्टम’ ही ओळ असेल, तर कार्डाला स्वतःची ओळख आहे. ती ओळच नसेल, तर आपले कार्ड माझ्या कार्डाच्या भाऊबंदांपैकी आहे असे समजावे. त्यानंतर ‘सुडो डीमेसेज | ग्रेप बीटीटीव्ही’ असे विचारावे (डीमेसेज म्हणजे कर्नलची नोंदवही; टाइप करायची अक्षरे डी-एम-ई-एस-जी). माझ्याकडे उत्तरात दोन ओळी महत्त्वाच्या होत्या: एकीत शून्य क्रमांकाच्या कार्डापुढे ‘ऑटोडिटेक्टेड’ असा शेरा होता, आणि दुसरीत ‘ट्यूनर टाइप अनसेट’ असे सरळ लिहिले होते. दोन महिने हा कबुलीजबाब संगणकात पडून होता आणि मी खोडरबर घासत होतो.

चिप वेगळी असली तर नावे बदलतात, तर्क बदलत नाही. फिलिप्सच्या एसएए७१३० किंवा एसएए७१३४ चिपेवरील कार्डांसाठी एसएए७१३४ हाच ड्रायव्हर आहे. एलएसपीसीआयमध्ये त्यांचा क्रमांक ११३१ ने सुरू होतो आणि अनोळखी कार्ड दिसले की तो ड्रायव्हर स्वतःच ‘कार्ड क्रमांक देऊन पाहा’ असे सुचवतो. कोनेक्झंटच्या नंतरच्या चिपांसाठी सीएक्स८८ हा ड्रायव्हर आहे आणि तिथे क्रमांक १४एफ१:८८०० असा असतो.

क्रमांक कसा शोधला

ड्रायव्हरला कार्डाची ओळख आपण सांगायची ती दोन आकड्यांनी: कार्डाचा क्रमांक आणि ट्यूनरचा क्रमांक. कर्नलच्या दस्तऐवजात दोन्हींच्या याद्या आहेत. एकट्या बीटीटीव्हीच्या यादीत दीडशेहून अधिक कार्डे आहेत. ट्यूनरचा क्रमांक शोधणे सोपे, कारण धातूच्या डब्यावर चिकटवलेल्या कागदावर मॉडेल छापलेले असते. माझ्या डब्यावर एफआय१२१६ होते आणि यादीत ‘फिलिप्स पीएएल बीजी’ या नावाने त्याचा क्रमांक ५ आहे. डब्यावर एफएम१२१६एमई एमके३ असे असेल तर क्रमांक ३८ येतो. कागद निघून गेला असेल तर निदान एवढे ध्यानात ठेवावे की भारतासाठी बनलेल्या कार्डावर पीएएल बी-जी, म्हणजे आपल्याकडील टीव्ही-चित्राच्या पद्धतीचाच ट्यूनर असतो, आणि ‘एनटीएससी’ (अमेरिकी पद्धत) लिहिलेले सारे क्रमांक डोळे झाकून वगळता येतात.

कार्डाचा क्रमांक शोधताना मात्र चार संध्याकाळी गेल्या. कार्डाच्या पाठीवर छापलेली अक्षरे, चिपांची मांडणी आणि सॉकेटांची संख्या पाहून मी यादीतील सात-आठ उमेदवार निवडले आणि एकेक करून पाहिले. दोन प्रयत्नांच्या मधे दर वेळी संगणक पूर्ण बंद करून वायर काढणे कंटाळवाणे असते, पण ते टाळू नये. नाहीतर आधीच्या क्रमांकाने लावून ठेवलेली स्थिती पुढच्या क्रमांकाच्या खात्यावर जमा होते आणि आपण पुन्हा त्याच फसवणुकीत सापडतो.

चित्र आले म्हणजे क्रमांक बरोबर, असेही समजू नये. खरी परीक्षा चित्र आणण्यात नसून ते घालवण्यात आहे. माझा व्हीसीआर यूएचएफच्या ३६ व्या चॅनलवर, म्हणजे ५९१.२५ मेगाहर्ट्झवर चित्र पाठवतो. ‘व्ही४एल२-सीटीएल --सेट-फ्रीक=५९१.२५’ ही आज्ञा दिल्यावर चित्र आले पाहिजे, मुद्दाम दुसराच आकडा दिल्यावर ते गेले पाहिजे, आणि पहिला आकडा पुन्हा दिल्यावर परत आले पाहिजे. हे तिन्ही घडले तरच लिनक्स ट्यूनरशी खरोखर बोलत आहे. पूर्वी ‘चालणाऱ्या’ आठवड्यांतच मी ही परीक्षा घेतली असती, तर कोणताही आकडा दिला तरी चित्र ढिम्म हलत नाही हे तेव्हाच दिसले असते.

चित्राच्या या परीक्षेत तीन क्रमांक उत्तीर्ण झाले, कारण ट्यूनर मी स्वतंत्रपणे सांगितलेला होता. त्यांच्यातून निवड केली आवाजाने आणि पिवळ्या सॉकेटने: ज्या क्रमांकावर कार्डाच्या मागील छोट्या सॉकेटमधून आवाज आला आणि पिवळ्या वायरीने जोडलेले चित्रही योग्य जागी मिळाले, तो खरा. माझ्या अनामिक कार्डाला यादीतील ३७ व्या, ‘प्रोलिंक पिक्सेलव्ह्यू प्लेटीव्ही प्रो’ या कार्डाची मांडणी लागू पडली. आपल्या कार्डालाही हाच क्रमांक लागेल असे मात्र गृहीत धरू नये.

एक आनुषंगिक लक्षण नोंदवून ठेवतो. शून्य क्रमांकावर असताना पिवळ्या वायरीने चित्र येते, पण ते वेडेवाकडे, बाजूला ओढलेले दिसते, अशीही तक्रार आढळते. या कार्डांवर बहुधा २८.६३६ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक असतो, जो अमेरिकी पद्धतीच्या चित्राला थेट चालतो. आपल्या पीएएल चित्रासाठी चिपेला त्यापासून ३५.४६९ मेगाहर्ट्झची लय आतल्या आत तयार करावी लागते, आणि ती करावी की नाही हे शून्य क्रमांकाच्या नोंदीत सांगितलेले नसते. योग्य कार्ड क्रमांक मिळाला की हे आपोआप सुधारते; तो मिळत नसेल तर ‘पीएलएल=१’ हा पर्याय हाताने द्यावा.

हे आकडे कायमचे राहावेत म्हणून ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी/’ या फोल्डरमध्ये ‘बीटीटीव्ही.कॉन्फ’ नावाची फाइल करून तीत एकच ओळ लिहिली: ‘ऑप्शन्स बीटीटीव्ही कार्ड=३७ ट्यूनर=५’. फाइलच्या नावाचा शेवट ‘.कॉन्फ’ असाच हवा; तो नसेल तर फाइल वाचलीच जात नाही, आणि कोणी तसे ओरडून सांगतही नाही. जुन्या मार्गदर्शकांत ‘मॉड्यूल्स.कॉन्फ’ किंवा ‘मॉडप्रोब.कॉन्फ’ अशा एकट्या फाइलींत लिहायला सांगितलेले असते, त्या फाइलींकडे आजची प्रणाली पाहत नाही. पुढच्या वेळी संगणक थंड स्थितीतून सुरू केल्यावर डीमेसेजमध्ये कार्ड ३७ पुढे ‘ऑटोडिटेक्टेड’ ऐवजी ‘इन्समॉड ऑप्शन’ असा शेरा दिसला, की आपली ओळ वाचली गेली असे खात्रीने म्हणता येते.

मुंग्या गेल्या, पण पडद्यावर मीच

त्यापुढच्या गुरुवारी मुंग्या आल्या नाहीत. रेकॉर्डिंग सुरू केले तर पडद्यावर लग्नाऐवजी माझाच चेहरा दिसू लागला. घरून काम करण्याच्या काळात घेतलेला वेबकॅम यूएसबीला लावलेला होता आणि या वेळी तो कार्डाच्या आधी जागा झाल्यामुळे ‘/डेव्ह/व्हिडिओ०’ हे नाव त्याने पटकावले होते. वेबकॅम हल्ली एकाच्या जागी दोन नोंदी घेतो, एक चित्राची आणि एक त्यासोबतच्या माहितीची, म्हणून कार्ड ‘व्हिडिओ२’ वर जाऊन बसले. कोण आधी उठेल हे दर वेळी सारखे नसते, त्यामुळे हाही बिघाड अधूनमधून परत येणाराच. ‘व्ही४एल२-सीटीएल --लिस्ट-डिव्हाइसेस’ या आज्ञेने कोणाला कोणते नाव मिळाले ते कळते, पण रोज विचारत बसण्यापेक्षा ‘/डेव्ह/व्ही४एल/बाय-पाथ/’ या फोल्डरमधील नाव वापरणे उत्तम, कारण ते स्लॉटच्या जागेवरून ठरते आणि कार्ड हलवल्याशिवाय बदलत नाही. दुसरा मार्ग म्हणजे वरच्याच ओळीत ‘व्हिडिओ_एनआर=९’ अशी भर घालणे; मग कार्ड नेहमी ‘व्हिडिओ९’ होते. मी हा दुसरा मार्ग धरला, कारण नाव छोटे राहते.

नव्या वापरकर्त्याचे खाते ‘व्हिडिओ’ या गटात नसेल तर परवानगी नाकारली जाते. ते ‘सुडो यूझरमॉड -एजी व्हिडिओ’ (इथे ‘जी’ मात्र मोठ्या लिपीतला हवा) आणि पुढे खात्याचे नाव, असे देऊन एकदाच दुरुस्त करावे आणि लॉगआउट करून परत यावे. तसेच जुना एखादा टीव्ही पाहण्याचा प्रोग्रॅम कार्ड सापडत नाही असे म्हणाला, तर दोष प्रोग्रॅमच्या वयाचा असू शकतो: व्हिडिओ फॉर लिनक्स या, प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर यांच्यातील बोलीची पहिली आवृत्ती २०११ मध्ये, २.६.३८ या कर्नलपासून काढून टाकली गेली आणि फक्त तीच बोलणारे प्रोग्रॅम तेव्हापासून मुके झाले.

ॲंटेनाची वायर सोडून द्यावी

इतके सगळे झाल्यावर मी ॲंटेनाची वायर काढूनच टाकली, आणि ज्यांच्या व्हीसीआरला पिवळा सॉकेट आहे त्यांनी सुरुवातच तिथून करावी असे माझे स्पष्ट मत आहे. व्हीसीआर आपले स्वच्छ चित्र आधी प्रक्षेपणाच्या रूपात गुंडाळतो आणि ट्यूनर ते पुन्हा उलगडतो, या उपद्व्यापात चित्र मळते आणि ट्यूनरचा सगळा प्रश्न विनाकारण गळ्यात पडतो. माझ्या व्हीसीआरचा पिवळा सॉकेट सैल झालेला होता म्हणून मी ॲंटेनाकडे वळलो होतो. बुधवार पेठेतील दुकानदाराने तो दहा मिनिटांत डाग देऊन घट्ट करून दिला.

ट्यूनरने वाहिन्या पाहण्याचा विचार असेल तर तोही सोडावा. पुण्यातील केबल २०१३ च्या डिजिटायझेशनमध्ये सेट-टॉप बॉक्सच्या मागे गेली आणि दूरदर्शनचे ॲनालॉग भूप्रसारण देशात जवळपास सर्वत्र थांबले आहे. खोलीतून प्रक्षेपण केंद्राचा सिंहगड समोर दिसत असला तरी या कार्डाला तिकडून काही मिळणार नाही. अशा मुंग्या हा बिघाड नव्हे.

पिवळी वायर लावली की ड्रायव्हरला इनपुट बदलायला सांगावे लागते, कारण तो सुरुवातीला शून्य क्रमांकाच्या, म्हणजे ट्यूनरच्या इनपुटवर उभा असतो आणि पडदा काळा किंवा मुंग्यांचा राहतो. ‘व्ही४एल२-सीटीएल -डी /डेव्ह/व्हिडिओ९ --सेट-इनपुट=१ --सेट-स्टँडर्ड=पीएएल’ या आज्ञेने दोन्ही गोष्टी होतात. पीएएल सांगणे केवळ औपचारिक नाही. आपले चित्र ६२५ ओळींचे आणि सेकंदाला २५ पूर्ण चौकटींचे असते, अमेरिकी एनटीएससी ५२५ ओळींचे. ड्रायव्हर चुकीच्या पद्धतीवर उभा असेल तर चित्र वर सरकत राहते, रंग जातात किंवा खालचा भाग कापला जातो. ही दोन्ही सेटिंगे मॉडप्रोबच्या फाइलीत राहत नाहीत, संगणक बंद झाला की जातात. म्हणून ती वेगळी न देता रेकॉर्डिंगच्या आज्ञेतच बांधून टाकावीत: एफएफएमपेग या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमला ‘-एफ व्ही४एल२ -चॅनल १ -स्टँडर्ड पीएएल -व्हिडिओ_साइझ ७२०एक्स५७६’ असे सांगितले की ते दर वेळी स्वतः इनपुट आणि पद्धत लावते. मी ही संपूर्ण आज्ञा एका छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवली आहे. गुरुवारी घरातल्या कोणालाही ती चालवता येते.

आवाजाची गोष्ट वेगळी आणि जरा किचकट आहे. पिवळ्या वायरीतून फक्त चित्र येते. माझ्या कार्डावर पांढऱ्या-लाल वायरींना जागाच नाही, म्हणून व्हीसीआरचा आवाज थेट संगणकाच्या निळ्या लाइन-इन सॉकेटमध्ये दिला आणि अल्सामिक्सर या, लिनक्सच्या अल्सा आवाज-यंत्रणेच्या प्रोग्रॅममध्ये ‘कॅप्चर’साठी ‘लाइन’ निवडले. एवढे केल्यावरही दर दोन-चार सुरुवातींनंतर रेकॉर्डिंग मुके निघे. कारण पुन्हा क्रमाचेच: बीटी८७८ चा आवाजाचा भाग एसएनडी_बीटी८७एक्स या ड्रायव्हरखाली स्वतंत्र साउंड कार्ड म्हणून उभा राहतो आणि कधी कधी पहिला क्रमांक घेऊन बसतो, मग रेकॉर्डिंग त्याच्या रिकाम्या तोंडाशी चालते. त्याच कॉन्फ फाइलमध्ये ‘ऑप्शन्स एसएनडी_बीटी८७एक्स इंडेक्स=-२’ अशी दुसरी ओळ घातली की तो पहिली जागा घेऊ शकत नाही. ज्यांना कार्डातूनच आवाज घ्यायचा आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की या चिपेचा ॲनालॉग आवाज ११९४६६ हर्ट्झपासून वरच्याच नमुना-वेगांनी मिळतो. ४८००० मागणाऱ्या प्रोग्रॅमला तो थेट मिळत नाही, त्यासाठी अल्साचे ‘एचडब्ल्यू’ हे नाव न देता ‘प्लगएचडब्ल्यू’ द्यावे लागते. मला यात काही लाभ दिसला नाही.

चित्र आहे पण आवाजाऐवजी खरखर आहे, आणि ॲंटेनाचाच मार्ग वापरणे भाग आहे, अशा वेळी व्हीसीआर कुठून आला ते विचारावे. आपल्याकडे आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर असतो, ब्रिटनमध्ये ६ वर. लंडनहून नातेवाइकांनी आणलेला व्हीसीआर चित्र दाखवेल, पण बोलणार नाही.

यूएसबीची काडी असेल तर

नव्या संगणकांत पीसीआय स्लॉट नसतो. पीसीआय-एक्सप्रेसला जुने कार्ड जोडणारे अडॅप्टर मिळतात, परंतु त्यांतील काहींच्या पूल-चिपा कार्डाचे इंटरप्ट, म्हणजे संगणकाचे लक्ष वेधणारे इशारे, नीट पोचवत नाहीत. मग काही वेळाने डीमेसेजमध्ये ‘नोबडी केअर्ड’ अशी ओळ उमटते आणि चित्र गोठते. त्यापेक्षा यूएसबीची काडी बरी, फक्त ती बाहेरून ओळखता येत नाही. ईझीकॅप या नावाने आणि एकाच रूपात विकल्या जाणाऱ्या काड्यांच्या पोटात वेगवेगळ्या चिपा असतात. ‘एलएसयूएसबी’ मध्ये ०५ई१:०४०८ दिसले तर एसटीके११६० हा ड्रायव्हर आणि १बी७१:३००२ दिसले तर यूएसबीटीव्ही हा ड्रायव्हर, दोन्ही कर्नलमध्येच आहेत. यांपैकी एसटीके११६० सुरुवातीला एनटीएससीवर उभा असतो, त्यामुळे भारतीय कॅसेट लावताच चित्र सरकू लागते. पीएएल सांगितले की थांबते. १सी८८:०००७ दिसले तर ती सोमॅजिकची चिप होय. तिचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये नाही, आणि तिला विंडोजच्या ड्रायव्हरमधून काढलेले फर्मवेअर (चिपेच्या आत चालणारा प्रोग्रॅम) प्रत्येक वेळी वीज मिळाल्यावर नव्याने भरावे लागते. विंडोजमध्ये वापरून रिस्टार्ट केल्यावर ती ‘चालते’ आणि काढून लावल्यावर बंद पडते, यात आता वाचकाला नवल वाटू नये. विकत घेताना परत करण्याची बोली करून घ्यावी.

यूएसबी काडी हबवर लावू नये. ७२०×५७६ चे न दाबलेले चित्र सेकंदाला सुमारे २०.७ मेगाबाइट येते, म्हणजे तासाला जवळजवळ ७५ गिगाबाइट, यूएसबी २.० च्या एका हबवर काडी आणि बाहेरची हार्ड डिस्क एकत्र बसवली की चौकटी गळू लागतात. डिस्कवर इतकी जागा खर्चण्याची गरज नाही. एफएफव्ही१ या पद्धतीने काहीही न गमावता आकार बराच कमी होतो, आणि दुहेरी ओळी काढणे, कडा कापणे ही कामे नंतर सावकाश करता येतात. तासाभराच्या कॅसेटमध्ये चित्र आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सरकले, तर त्याचे कारण असे की दोघांची घड्याळे वेगवेगळ्या कार्डांवर आहेत; एफएफएमपेगला ‘-एएफ एरिसॅम्पल=असिंक=१’ दिले की ते आवाजाला चित्राबरोबर ओढत नेते.

कॅसेटबद्दल एकच सूचना. पुण्याच्या पावसाळ्यात लोखंडी कपाटात राहिलेल्या टेपवर पांढरी बुरशी येते. खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये, कारण ती बुरशी हेडवर बसते आणि त्यापुढच्या निरोगी कॅसेटवरही मुंग्याच दिसतात. त्यांचा दोष मग कार्डावर येतो.

गेल्या गुरुवारी सकाळी दहाला गेलेली वीज दुपारी साडेतीनला आली. संगणक थेट लिनक्समध्ये सुरू केला, डीमेसेजमध्ये ३७ आणि ५ हे आकडे पाहिले, स्क्रिप्ट चालवली आणि १९९३ च्या लग्नाची उरलेली पंचेचाळीस मिनिटे उतरवून घेतली. शेवटच्या पंक्तीपर्यंत चित्र हलले नाही. भाच्याला मात्र एक्सपीमध्ये त्या शनिवारी टीव्ही दिसेना, कारण पिवळ्या वायरीचे इनपुट तिथे त्यालाच निवडावे लागते, आणि हे त्याला सांगायचे माझ्याकडून राहून गेले होते.